सावलीचे दगड

२ सप्टेंबर

दवाखान्यातली नर्स म्हणाली, रोज चार ओळी लिहा, म्हणून लिहितोय. केरळची बाई, अरबी मोडकं, पण हुकूम पक्का. वही तिनेच दिली. वहीची सुरुवातीची पानं आधीच भरलेली आहेत आणि त्यांना चार पिना मारून ठेवल्यात. फटीतून अक्षर दिसतं ते शामिसचं, माझ्या धाकट्या भावाचं. "तयारी झाली की वाचा," असं ती म्हणाली. कसली तयारी? भावाने माझ्यावर काय काय उपकार केले ते वाचायची मला हौस नाही. मी पिनांनंतरच्या कोऱ्या पानावर सुरुवात केली आहे.

तर मी मुहन्ना बिन खलफान, वय अठ्ठावन्न, हैल अल-सिद्र गावच्या फलजचा अरीफ. डोंगरातून पाटाने येणाऱ्या पाण्याची पाळी कोणाची आणि कुठवर, हे ठरवणारा माणूस. आधी आजोबा, मग बाप, मग मी. जूनमध्ये न्यूमोनिया झाला, रक्तात विष पसरलं, तेवीस दिवस घशात नळी होती म्हणतात. मला ते तेवीस दिवस आठवत नाहीत. जे आठवतं ते दुसरंच आहे, आणि ते आज लिहिणार नाही.

एवढ्याला अख्खी सकाळ गेली.

७ सप्टेंबर

बायको, रय्या, चमच्याने भरवते. मीठ कमी आहे म्हटलं तर म्हणाली, "जीभ दवाखान्यात विसरून आलात, आणि नावं माझ्या मिठाला ठेवता?" केस मूठमूठ गळतात. गळ्याजवळचं बटण लावलं की जीव घाबरा होतो. दुपारी शेजारचा ट्रक मागे घेताना टीं टीं वाजायला लागला, तर मी पलंगाखाली शिरायला निघालो. रय्या हसली, मग चुलीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

ते आता लिहूनच टाकतो. मी उताणा पडलो होतो आणि पाठीखालून पाणी वाहत होतं, आमच्याच फलजचं. शामिस आला. त्याने माझे हात धरून बांधले, आणि पाटाचं गळतं दारं बुजवायला आपण फडकं कोंबतो तसं माझ्या घशात काहीतरी कोंबलं. मग कानाशी बसून माझं पाणी एकेकाचं नाव घेऊन वाटून टाकलं. आज अमक्याला, उद्या तमक्याला. मी ओरडत होतो, पण आवाज फुटत नव्हता.

सगळे म्हणतात, औषधांनी भास झाला. भासाने मनगटावर वळ उठतात का? माझ्या दोन्ही मनगटांवर आहेत. फिके झालेत, पण आहेत. शामिस एकदाच आला असणार दवाखान्यात, तोही हा उद्योग करायला. बाकीचा वेळ तो इथे पाळ्या मोजायच्या माझ्या काठीपाशी उभा असेल. अरीफ व्हायची हौस कोणाला नसते?

१४ सप्टेंबर

काठीपाशी गेलो. घरापासून शंभर पावलं, पण वाटेत दोनदा बसलो.

रात्रीच्या पाळ्या केव्हाच घड्याळावर गेल्या. दिवसाच्या मात्र गावाने अजून सावलीवर ठेवल्यात, आणि आमच्या घराची इज्जत तेवढीच उरली आहे. मोकळ्या जागेत अरीफने रोज रोवायची काठी, पुढे दगडांची रांग. सावलीचं टोक एका दगडावरून दुसऱ्यावर गेलं की एक अथर पाणी झालं. अरीफने हाक द्यायची, खाली खजुराच्या बागांपाशी दारं मोडून पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात घालायचं. तीस वर्षं हाक माझी आणि दारं मोडणारा शामिस.

त्याने सगळ्यांसमोर काठी माझ्या हाती दिली. "घे बाबा तुझी सावली. उन्हात उभं राहून माझी होती तेवढी अक्कलही वाळली." लोक हसले. मी हसलो नाही. इतक्या सहज कोणी काठी सोडतं? मग खाली जाऊन पूर्वीसारखाच ओरडला, "अबू सालिम, सावली कुठवर आली?" मी म्हटलं, तिसऱ्यावर. "बरोबर!" लहानपणापासूनची ही त्याची खोड. बाप मला दगड विचारायचा आणि मी उत्तर दिलं की हा शेंबडा मागून ओरडायचा, बरोबर.

आज तीन महिन्यांनी मी माणसांत होतो.

२३ सप्टेंबर

निझवाला दवाखान्यात तपासणी. पोरसवदा डॉक्टरने कोरा कागद पुढे सरकवला. म्हणाला, घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी त्याला विचारलं, तुझ्या बापाने तरी कधी सावलीवर पाणी वाटलंय का? गोल काढला. आकडे एका बाजूला गर्दी करून बसले. मग पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. माझ्या लक्षात दोनच होते, उंट आणि दुसरा आत्ता आठवत नाही.

ज्याने आयुष्यात घड्याळ बांधलं नाही त्याला घड्याळ काढायला सांगायचं, ही कुठली परीक्षा? शामिस गाडी चालवत होता. सगळी वाट नजर रस्त्यावरच ठेवली. मनातून खूश असणार.

३ ऑक्टोबर

आज दगड सरकवले. ऊन कलायला लागलं की सावली लांबते, म्हणून अरीफने दरसाल या दिवसांत दगड एकेक वीत बाहेर न्यायचे. हे काम त्याने एकट्याने करायचं. दगडाला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये, हा आजोबांचा नियम. कंबरेचा काटा ढिला झाला, पण माझ्या हाताने केलं. घरी येऊन रय्याला सांगितलं. तिने खास कहवा केला, आणि ताटलीत हलवाही ठेवला.

७ ऑक्टोबर

झोप नाही. डोक्यात धुकं. मुलाचा, सालिमचा, मस्कतहून फोन आला होता म्हणे, मी बोललो म्हणे.

१० ऑक्टोबर

यंदा उशीरच झाला, पण आज दगड सरकवले. एकेक वीत बाहेर. आजारपणातून उठून एवढं केलं याचं माझं मलाच कौतुक वाटलं. रय्याला सांगितलं तर ती नुसती बघत राहिली. कहवासुद्धा केला नाही. बायकांना कशाचंच अप्रूप नसतं.

२१ ऑक्टोबर

मोझा भांडायला आली. साईदची विधवा, तिची बाग पाटाच्या टोकाला, आणि दर आठव्या दिवशी मावळतीपर्यंतची शेवटची पाळी तिची.

"अरीफ, माझी पाळी दोन दगडांची. सूर्य बुडाला तरी एकच दगड झाला. दुसरा काय सूर्याने खाल्ला?"

"सावली खोटं बोलत नाही, मोझा."

"सावली नाही बोलत. पण माझी लिंबं तुझ्यासारखीच दिसायला लागलीत. पानं गळतात, आणि वर तोरा तेवढाच."

मी काठी उगारली. शामिस मध्ये आला, "जाऊ दे गं, बघतो मी," असं तिला म्हणाला. हा कोण बघणारा?

२९ ऑक्टोबर

आणखी दोघांची तक्रार. दोघेही दिवसाच्या शेवटच्या पाळीचे. हे आपोआप होत नाही. तीस वर्षांत माझ्या सावलीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. कोणीतरी दगडांशी खेळतंय, आणि माझ्या हातातून काठी जावी असं कोणाला वाटतं ते मला ठाऊक आहे. मनगटं सारखी खाजतात.

४ नोव्हेंबर

पकडला.

जेवून मी आडवा होतो, पण उताणं पडलं की गुदमरतं, म्हणून उठून बाहेर आलो. शामिस गुडघ्यांवर बसून माझे दगड हलवत होता. विती मोजत होता. मला बघून दचकला नाही, हे विशेष. उभा राहिला आणि गुडघ्यांची माती झाडली.

"तू झोपला होतास," एवढंच म्हणाला.

"म्हणून माझं पाणी वाटायला आलास? आधीही वाटलं होतंस, दवाखान्यात!"

त्याचं तोंड पांढरं पडलं. चोराचं असंच पडतं. त्याने हलवलेले दगड मी एकूण एक परत जागेवर नेले.

५ नोव्हेंबर

शुक्रवारच्या नमाजनंतर मजलिस भरली. मी सगळं सांगितलं, हात बांधल्यापासून दगडांपर्यंत. नियमही मीच म्हणून दाखवला. अरीफ सोडून जो दगडाला हात लावेल, त्याने पुन्हा पाटापाशी उभं राहायचं नाही, दाऱ्याला हात लावायचा नाही.

कारभारी हमदकाकांनी विचारलं, "शामिस, दगडाला हात लावलास?"

"लावला."

"का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाणी हवं होतं." कोणासाठी ते सांगितलं नाही. मोझा बाहेर दाराशी उभी होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात हमदकाकांनी हात वर केला, तशी तीही गप्प बसली. मोझासुद्धा गप्प! सत्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते.

निकाल नियमाप्रमाणे झाला. घरी आलो तेव्हा जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. रय्याने ताट समोर आपटलं आणि आत निघून गेली.

९ नोव्हेंबर

शामिस सोहारला मुलीकडे राहायला गेला. गाडीत बसायच्या आधी निरोप घ्यायला आला. मी दार उघडलं नाही. तो अंगणात उभा राहून रय्याला सांगत होता, "दुपारचं औषध विसरतो तो. आणि गळ्याचं बटण लावू नकोस." ऐकू यावं म्हणूनच मोठ्याने बोलत होता.

२७ नोव्हेंबर

पाळ्या आता बिनबोभाट चालल्यात. एकाची तक्रार नाही. मोझाची लिंबं पुन्हा हिरवी झालीत. चोर गेला आणि सगळं सुरळीत झालं, हा पुरावाच नाही का?

एक बदल मात्र लक्षात येतो. मी हाक दिली की लोक आधी आपापल्या मनगटाकडे बघतात, मग वर हात करून मान डोलावतात. काही वेळा दारं माझ्या हाकेआधीच मोडलेलं असतं, काही वेळा हाकेनंतर बऱ्याच वेळाने मोडतात. आळशी झालेत. खालून आता "सावली कुठवर आली" असं कोणी विचारत नाही.

१८ डिसेंबर

रय्यावर कप फेकला. लागला नाही. कशावरून ते आठवत नाही. पूर्वी मी असा नव्हतो. निदान मला तसं वाटतं, पण माझ्या वाटण्यावर हल्ली माझाच भरवसा राहत नाही. सहा महिने झाले. अंगावर मांस चढलं, केस परत आले, बघणारा म्हणतो माणूस ठणठणीत झाला. आत कोणीतरी अर्ध्या वाटेवर हरवलंय ते त्याला दिसत नाही.

रय्याने तुकडे गोळा केले. म्हणाली, "त्या वहीच्या पिना काढा एकदा. मला सांगायला मनाई आहे, वाचायला तुम्हाला कोणी मनाई केलेली नाही."

मी म्हटलं, चोराचं लिहिलेलं मी वाचत नाही.

२ फेब्रुवारी

सावली आखडायला लागली. दगड आत घ्यायचे दिवस आले. मागच्या खेपेला किती सरकवले होते ते आठवेना, म्हणून ही वही चाळली.

३ ऑक्टोबर. आज दगड सरकवले. एकेक वीत.

१० ऑक्टोबर. आज दगड सरकवले. एकेक वीत.

दोन्ही अक्षरं माझी. पाच वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, शामिसने माझं अक्षर गिरवलं. हेसुद्धा मनात आलं, ते लिहून ठेवतो, म्हणजे मी काय झालोय ते कळेल.

मग काठीपाशी जाऊन बापाने हिवाळ्यासाठी खडकात कोरलेली खूण चाचपली. दगड खुणेच्या बाहेर एक वीत. मी पकडलं त्या दिवशी शामिसने ते खुणेवर आणले होते आणि मी परत चुकीच्या जागी नेले होते. दगड जास्त बाहेर गेले की प्रत्येक पाळी लांबते, आणि शेवटच्या पाळीच्या आधीच सूर्य बुडतो. हे मला वयाच्या आठव्या वर्षी येत होतं.

३ फेब्रुवारी

हमदकाकांकडे गेलो. वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. खजूर पुढे केले, कहवा ओतला.

"माहीत आहे रे. ऑक्टोबरपासून माहीत आहे. तुझ्या बापाची खूण काय आम्हाला दिसत नाही?"

"मग मजलिसमध्ये का नाही बोललात?"

"आदल्या संध्याकाळी शामिस येऊन बसला होता, तू बसलायस तिथेच. म्हणाला, काका, दगड ह्याच्याकडून चुकले असं म्हणाल तर काठी जाईल. काठी गेली तर हा अंथरूण धरेल, आणि या खेपेला उठणार नाही. माझं नाव लागू द्या. मोझालाही त्यानेच गप्प राहायला लावलं."

"आणि माझ्या आजारपणात काठी..."

"मी धरली होती. जून-जुलैच्या उन्हात. माझे गुडघे गेले त्यात. शामिस तुझ्या उशाशी होता. परत आलास तेव्हा काठी घराबाहेर गेली याचं तुला वाईट वाटू नये म्हणून तो उभा राहिला असं सांगितलं. तू उलटंच धरून बसलास."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मग दगड अजून चुकलेले आहेत. पाळ्या कशा बरोबर चालल्यात?"

काकांनी बाही वर केली. मनगटावर घड्याळ होतं. पंचाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या मनगटावर नवं कोरं घड्याळ. "नोव्हेंबरपासून. काय करणार? लोकांची झाडं आहेत."

"मग मी रोज उन्हात उभा राहून हाका देतो त्या?"

"आवाज चांगला लागतो तुझा," काका म्हणाले आणि कहव्यात बघत बसले.

मी म्हटलं, पुन्हा मजलिस भरवा, मी सगळ्यांसमोर कबूल करतो, शामिसला परत बोलवा. ते म्हणाले, "कबूल काय करशील? दगडाला हात त्याने लावलाच होता. नियम तूच म्हणून दाखवलास, मुहन्ना. तुझ्याच आजोबांचा."

४ फेब्रुवारी

पिना काढल्या. बोटांत जोर नाही, रय्याला काढायला सांगितल्या. शामिसचं अक्षर अजून चौथीतल्या पोरासारखं आहे. तिसऱ्या दिवसापासून तेविसाव्यापर्यंत एकवीस पानं. थोडं उतरवून ठेवतो, कारण उद्या मी हेही विसरेन.

"दिवस तिसरा. नर्सने वही दिली. म्हणते, रोजचं लिहा, शुद्धीवर आले की यांना मधले दिवस सापडत नाहीत, भलतंच काहीतरी सापडतं."

"दिवस सहावा. नळी उपटायला बघतोस. त्यांनी हात बांधले. मनगटं सोलली. मी भांडलो, म्हटलं सोडा, मी धरतो. आता मी धरून बसतो. नमाजला आणि संडासला जातो तेव्हा रय्या धरते."

"दिवस अकरावा. डोळे उघडलेस. माझ्याकडे बघून थुंकायला गेलास, नळी होती म्हणून जमलं नाही. नर्स म्हणाली, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही त्यांना कोणी दुसरेच दिसताय. मी म्हटलं, दिसतोय ना, पुष्कळ झालं."

"दिवस चौदावा. ती म्हणते, ओळखीचं काहीतरी बोलत राहा, ऐकू जातं. मला काय बोलता येतं? मी तुझ्या कानात पाळ्या म्हणतो. आज कोणाचं पाणी, उद्या कोणाचं. आठही दिवसांची नावं झाली की परत पहिल्यापासून. विसरू नकोस, परत आल्यावर तुलाच सांगायची आहेत."

तेवढं वाचून वही मिटली. माझं पाणी तो नावं घेऊन वाटत होता, हे मला बरोबरच ऐकू आलं होतं.

रय्या म्हणाली, "आता रडताय होय? बरं झालं. निदान ते तरी परत आलं." मग तिने माझे डोळे ओढणीने पुसले, जरा जोरातच.

६ फेब्रुवारी

आज काठीपाशी गेलो नाही. कोणी बोलवायलाही आलं नाही. खाली दारं मोडल्याचा आवाज वेळच्या वेळी येत होता.

सकाळी शामिसला फोन लावला. मागे नातवंडांचा गोंधळ. काय बोलायचं ते रय्याने कागदावर लिहून दिलं होतं, ऐन वेळी अक्षरं नाचायला लागली.

"शामिस, मी वही वाचली."

पोरांना कोणीतरी गप्प केलं.

"मी तुला सगळ्यांसमोर..."

"ते सोड," तो म्हणाला. "आधी सांग, सावली कुठवर आली?"

मी घरात बसलो होतो. भिंतीवर घड्याळ आहे, सालिमने आणलेलं. त्याच्याकडे बघत राहिलो, काटे दिसत होते, पण त्यांचं काय करायचं ते कळेना. शेवटी म्हटलं, "चौथ्यावर."

समोर उभ्या रय्याने खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहून नकाराची मान हलवली आणि सहा बोटं दाखवली, सहावा दगड. मी चूक सुधारायला तोंड उघडलं, तोवर तिकडून शामिस म्हणाला, "बरोबर."